अंगणासमोरचा दिवा

चंद्रपूर जिल्ह्यांत सिंदेवाहीच्या बाजूला, जेथें धानाच्या बांध्या संपतात आणि सागाबांबूचें रान सुरू होतें, अशा एका लहानशा गांवीं आमचें एक कौलारू घर आहे. वडिलांनीं तें बांधलें तेव्हां निवृत्तीनंतर तेथें राहावें असा त्यांचा विचार होता. पण तो विचार आणि ते स्वतः, दोन्ही फार दिवस टिकले नाहींत. आतां वर्षांतून दोन वेळां, नाताळांत आठ दिवस आणि मे महिन्यांत तीन आठवडे, आम्ही नागपुराहून सहकुटुंब तेथें जातों, जाळीं झाडतों, फुटकीं कौलें बदलून घेतों आणि परत आल्यावर 'गांवीं गेलों होतों' असें जरा अभिमानानें सांगतों. गांवकरी मंडळी मात्र आम्हांला पाहुणेच समजतात. त्यांचें बरोबर आहे, हें आम्हांला कळावयास बराच काळ लागला, आणि तें कळण्यास एक दिवा कारण झाला.

आमचा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. टेनिसनच्या 'लॉक्स्ले हॉल' या कवितेंतला नायक खिडकींतून मृग आणि कृत्तिका पाहतो, हें आम्हीं सुमारें वीस वर्षें विद्यार्थ्यांना शिकविलें. त्यावर टिपणें दिलीं, प्रश्न काढले, उत्तरपत्रिका तपासल्या. त्या वीस वर्षांत एकाहि विद्यार्थ्यानें 'सर, त्यांतला मृग कोणता तो आकाशांत दाखवा' असें म्हटलें नाहीं, हें आमचें सुदैव. कारण आम्हांला तो दाखवितां आला नसता. नागपुरांत आमच्या गच्चीवरून ज्या आठ-दहा चांदण्या दिसतात त्यांवरून कोणाची ओळख पटण्यासारखी नाहीं. अख्खें वाक्य पुसून जावें आणि उरलेल्या दोन शब्दांवरून अर्थ लावीत बसावें, तसा तो प्रकार होतो.

एका नाताळांत वडिलांची जुनी पेटी उघडली तेव्हां तींत शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'ज्योतिर्विलास' सांपडला. 'रात्रीची दोन घटका मौज' असें या पुस्तकाचें दुसरें नांव आहे. 'मौज' या शब्दानें आमची भीड चेपली. तोंपर्यंत ज्योतिष म्हणजे एक तर पत्रिका नाहीं तर गणित, आणि दोहोंपासून दूर राहावें, अशी आमची समजूत होती. ज्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालीं निघाला व ज्याचें पुढें भारत सरकारनें इंग्रजींत भाषांतर काढलें, त्या गाढ्या पंडितानें सामान्य माणसाला हातीं धरून अंगणांत आणावें आणि 'वर पाहा' म्हणावें, याचें आम्हांला नवल वाटलें. पुस्तकाच्या समासांत वडिलांनीं पेन्सिलीनें तारखा टाकलेल्या होत्या. कोणता तारा केव्हां ओळखला त्याची ती नोंद होती. वडिलांना हा नाद होता हें आम्हांला त्या दिवशीं प्रथम कळलें. त्यांनीं आम्हांला कधीं बोलावलें नाहीं, कीं आम्हीच गेलों नाहीं, हें आतां कोणाला विचारावयाचें?

त्या नाताळापासून आम्ही शिकूं लागलों. ठळक मंडळींची ओळख आधीं करून घ्यावी आणि त्यांनीं ओळख करून दिली म्हणजे बाकीच्यांकडे वळावें, हा समाजांतला नियम आकाशांतहि चालतो. डिसेंबरच्या रात्रीं एका ओळींतले तीन सारख्या तेजाचे तारे सांपडले कीं मृग सांपडला. ती ओळ खालीं डावीकडे वाढविली कीं व्याध, रात्रीच्या सर्व तार्‍यांत तेजस्वी; उलट दिशेला वाढविली कीं तांबूस रोहिणी, आणि तिच्यापलीकडे कृत्तिकांचा पुंजका. व्याधाच्या खालीं दक्षिणेला अगस्त्य. तेजांत व्याधाखालोखाल त्याचाच मान. ज्या मृगाच्या आधारें लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालच्या आपल्या 'ओरायन' ग्रंथांत वेदांच्या प्राचीनत्वाचें अनुमान मांडलें, तोच हा मृग आमच्या गोठ्याच्या छपरावर रोज संध्याकाळीं येऊन उभा राहत होता, आणि आम्ही मात्र त्याला पुस्तकांत शोधीत होतों.

मे महिन्यांतलें आकाश निराळें. रात्रीं साडेआठच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें कीं सप्तर्षि उंच चढलेले असतात. त्यांच्या चौकोनांतील क्रतु आणि पुलह या दोन तार्‍यांतली रेघ पुढें पांचपट नेली म्हणजे ध्रुव लागतो. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशांत सुमारें दहा अंश व्यापते. आमच्या अंगणांतून ध्रुव क्षितिजापासून बरोबर दोन मुठी वर, कारण आपण ज्या अक्षांशावर असूं तितकेच अंश ध्रुव उंच, आणि आमचें गांव विसाव्या अक्षांशाच्या आसपास. लंडनमध्यें तोच पांच मुठींवर असतो. उलट दक्षिणेला तळ्याच्या पाळीवर मे महिन्यांत जो त्रिशंकु उगवतो, तो लंडनला कधींच दिसत नाहीं. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आमच्या भागाचें वैभव; त्याच्या पाळीवर जेमतेम एक मूठ उंचीवर चार तार्‍यांचा तो तिरपा पतंग, आणि त्याच्या मागोमाग मित्र व मित्रक. विश्वामित्रानें वर धाडलेला आणि देवांनीं खालीं लोटलेला हा राजा अधांतरीं लोंबकळत राहिला, अशी कथा. जन्मभर इंग्रजी शिकवून मराठींत स्वप्नें पाहणार्‍या, शहरांत राहून गांवच्या गोष्टी सांगणार्‍या आमच्यासारख्यांना या राजाविषयीं विशेष आपुलकी वाटावी, हें साहजिक आहे.

आकाशानें आमच्या तालुक्याला एकदां स्वतःहून भेटहि दिली. २ एप्रिल २०२२ या दिवशीं गुढीपाडवा होता. संध्याकाळीं जळते निखारे एका ओळींत आकाशांतून सरकत गेले. महाराष्ट्रांत ते ठिकठिकाणीं दिसले. त्याच रात्रीं सिंदेवाही तालुक्यांतल्या लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें एक धातूचें कडें येऊन पडलें. तें परक्या देशाच्या अग्निबाणाचा अवशेष असावें, असा जाणकारांचा निर्वाह झाला. पुढें इस्रोचे शास्त्रज्ञहि पाहणीसाठीं येऊन गेले. आकाश म्हणजे ऋषींचें आणि राजांचें स्थान, अशा कल्पनेंत रमलेल्या आम्हांला त्या कड्यानें जागें केलें. वर आतां माणसाचीहि वस्ती झाली आहे, आणि आमच्या गांवच्या एखाद्या गोठ्यावर तिचा कचरा केव्हांहि पडूं शकतो.

आमच्या समोरच्या घरांत एक वृद्ध गृहस्थ राहतात. ते गोंड समाजांतले; वय सत्तरीच्या पुढें. सारा गांव त्यांना दादाजी म्हणतो, म्हणून आम्हीहि म्हणतों; ते आम्हांला गुरुजी म्हणतात. पहिल्या उन्हाळ्यांत आम्ही हातांत पुस्तक आणि लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन अंगणांत उभे होतों, तेव्हां त्यांनीं कुंपणापलीकडून विचारलें, काय हरवलें? सप्तर्षि, असें आम्हीं सांगितलें. ते हंसले. ती तर बाज आहे, ते म्हणाले. चौकोनाचे चार तारे हे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन हे ती चोरावयास आलेले तीन चोर. म्हातारी जागी आहे, म्हणून चोर अजून तेथेंच आहेत. मृगाच्या तीन तार्‍यांना ते नांगर म्हणतात. पुढें आमच्या वाचनांत आलें कीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील मयंक वाहिया व त्यांचे सहकारी यांनीं विदर्भांतल्या गोंडांच्या अशाच तारकाकथा गोळा करून २०१३ सालीं एका संशोधनपत्रिकेंत प्रसिद्ध केल्या आहेत, आणि त्यांत ही बाज आणि हे तीन चोरहि आहेत. आम्ही तो निबंध मोठ्या आनंदानें दादाजींना वाचून दाखविला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. जी गोष्ट आजीनें सांगितली ती छापून आली, एवढ्यावरून ती अधिक खरी होते असें त्यांना वाटलेलें दिसलें नाहीं.

मधल्या चोराच्या, म्हणजे वसिष्ठाच्या, अगदीं शेजारीं अरुंधती असते. लग्नांत वधूवरांना ती दाखवितात. आमच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागल्याचें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून ती आम्हांला दिसेनाशी झाली होती. त्या छोट्या तार्‍याबद्दल दादाजींना विचारलें तर 'दिसते ना' एवढेंच ते म्हणाले. त्यांचे डोळे आमच्याहून वीस वर्षांनीं म्हातारे, पण त्यांनीं उत्तरपत्रिका तपासलेल्या नव्हत्या.

अशी कांहीं वर्षें गेलीं. मग एका मे महिन्यांत आम्ही गांवीं पोंचलों आणि रात्रीं अंगणांत आलों, तों तळ्याकडे जाणार्‍या रस्त्यावर, आमच्या कुंपणाच्या अगदीं समोर, एका खांबावर एलईडीचा पांढराफेक दिवा जळत होता. त्याचा उजेड रस्त्यावर कमी आणि आमच्या डोळ्यांत अधिक पडत होता. तळ्याच्या पाळीवरचा त्रिशंकु नाहींसा झाला होता. मित्र तेवढा कसाबसा टिकून होता. मोतीबिंदूच्या डोळ्यांना असा दिवा म्हणजे नुसता प्रकाश नव्हे. त्याचें एक मोठें खळें होतें आणि तें सारें आकाश गिळतें. आम्हांला राग आला. ज्या अंधारासाठीं आम्ही शंभर मैलांहून येतों, तोच कोणी तरी आम्हांला न विचारतां काढून घेतला होता.

रागाच्या भरांत माणूस जें करतो तें आम्हीं केलें. म्हणजे अर्ज लिहिला. ग्रामपंचायतीस उद्देशून लिहिलेला तो अर्ज आमच्या मतें उत्तम मराठीचा नमुना होता. 'तारकादर्शनास होणारा व्यत्यय', 'निशाचर कीटकांची हानि', 'ग्रामीण नभोमंडलाचें सौंदर्य', असे शब्द त्यांत होते. जवळच्याच पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या आरंभीं आकाशाच्या अंधारासाठीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, भारतांत असा मान मिळविणारें तें पहिलें उद्यान, हा दाखलाहि दिला. दिवा काढून टाकावा, अशी शेवटीं विनंति होती. सरपंचबाईंनीं अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "सर, अर्ज चांगला आहे. पण हा दिवा ज्यांनी मागितला, त्यांना एकदा विचारून घ्या. तुमच्या समोरच राहतात. मग ग्रामसभेत ठेवतो."

दिवा दादाजींनीं मागितला होता!

त्या दिवशीं आम्हांला जें कळलें तें गांवांतल्या लहान मुलालाहि ठाऊक होतें. केवळ पाहुण्यांनाच तें कोणी सांगितलें नव्हतें. त्याच वर्षींच्या मोहाच्या हंगामांत दादाजींची सून वाघानें नेली होती. मोहाचीं फुलें रात्रीं गळतात. उजाडल्यावर जनावरें तीं खाऊन टाकतात, म्हणून बायका पहांटेच्या अंधारांतच टोपली घेऊन निघतात, आणि ओणव्या होऊन वेंचतात. ओणवा माणूस वाघाला चतुष्पाद सावजासारखा दिसत असावा, असें वनखात्यांतले लोक सांगतात. ताडोबा हें १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, १९९५ सालीं ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वांचले, वाढले. पण वाघाला हद्द वाचतां येत नाहीं. आमच्या ब्रह्मपुरी वनविभागांत, प्रकल्पाच्या बाहेर, गांवांच्या आणि शेतांच्या अंगालाच त्यांचें मोठें वास्तव्य आहे. आम्ही सुटींत येऊन वाघाची डरकाळी ऐकूं आल्याचें नागपुरांत रंगवून सांगत होतों. ती डरकाळी कोणाच्या दारांत ऐकूं आली, हें विचारावें असें आम्हांला सुचलें नव्हतें.

संध्याकाळीं आम्ही दादाजींकडे गेलों. अर्ज खिशांतच होता. काय बोलावें तें सुचेना, म्हणून ती पहांट कोणत्या वेळेची होती असें कांहीं तरी आम्ही पुटपुटलों. त्यांनीं हात वर करून वायव्येकडे दाखविलें. "बाज तिकडे खाली कलली का निघाचं, असा आमचा हिसाब. माझ्या मायनं तोच हिसाब केला, बायकोनं तोच, सुनेनंबी तोच. ते बराबर येळेवर निघाली होती." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "चांदन्या येळ सांगतेत, गुरुजी. वाघ नाई सांगत."

चैत्रांतल्या पहांटे साडेचारच्या सुमारास सप्तर्षि वायव्येला कलतात आणि दक्षिणेला वृश्चिक उभा असतो, हें आम्हीं पुस्तकावरून हिशेब करून ताडून पाहिलें होतें, आणि तो हिशेब जमला म्हणून स्वतःवर खूषहि झालों होतों. आमच्या लेखीं जो सुटींतला खेळ, तें त्या घरांतल्या तीन पिढ्यांच्या बायकांचें घड्याळ होतें.

आम्हीं विचारलें, दिवा असता तर ती वांचली असती काय? प्रश्न क्रूर होता. पण दादाजींनीं तो सरळ घेतला. "मी तसं नाई म्हनत. ते तं रानात गेली. पन हा पोरगा रातच्यानं अंगनात उतरत नवता. दारात उभा राहून रडे. आता उतरते." 'हा पोरगा' म्हणजे त्यांचा नातू, नऊ-दहा वर्षांचा, तो त्या वेळीं उंबर्‍यावर बसून आमच्याकडे पाहत होता.

आम्हीं तो अर्ज त्याच रात्रीं चुलींत घातला. त्यांत कांहीं उदात्तपणा होता असें नाहीं, लाज होती. अंधार ही आम्हांला चैन वाटते याचें कारण एवढेंच, कीं आमच्या अंधाराला भिंती असतात आणि दाराला कडी असते. ज्याला पहांटे त्या अंधारांत पोटासाठीं जावें लागतें, त्याला त्याच्या सौंदर्याविषयीं व्याख्यान देणें हा शुद्ध उद्धटपणा होय.

परंतु गोष्ट येथें संपली नाहीं, आणि त्याचें श्रेय आमच्या मुलीकडे जातें. ती अभियांत्रिकी शिकते. आमच्या अर्जाला ती पहिल्यापासून हंसत होती. तिनें विचारलें, "बाबा, पेंचला दिवे काढून टाकले का हो?" आम्हीं नीट पाहिलें. तेथें गांवें अंधारांत लोटलेलीं नव्हतीं. आसपासच्या गांवांतले दिवे बदलून त्यांचा उजेड खालीं, जमिनीवर पडेल अशी व्यवस्था केली होती. आमच्या अर्जांतला दाखला आमच्याच विरुद्ध साक्ष देत होता, आणि आम्हीं तो न वाचतांच जोडला होता! दिव्याचें काम रस्ता दाखविणें. आकाश उजळणें हें त्याचें काम नव्हे. आमच्या समोरचा दिवा वरच्या बाजूला जो उजेड उधळीत होता, तो आमच्या उपयोगाचा नव्हता आणि दादाजींच्याहि नव्हता.

सरपंचबाईंची परवानगी घेतली. गांवांत पत्र्याचें काम करणारा एक हुशार तरुण आहे. त्यानें तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला टोपी केली आणि वायरमननें ती शिडी लावून बसविली. पण टोपी कशी बसवावयाची हें ठरविण्याचा अधिकार आम्हीं दादाजींना दिला. ते रात्रीं काठी घेऊन निघाले आणि जागोजाग उभे राहून सांगूं लागले: येथें उजेड पाहिजे, कुंपणाच्या कोपर्‍यांत पाहिजे, मोरीपाशीं पाहिजे, तळ्याच्या पायर्‍या दिसल्या पाहिजेत. टोपी तीनदां काढावी लागली. पहिल्यानें आमचें आकाश उत्तम झालें, पण त्यांचा कोपरा काळोखांत गेला. आम्हीं कांहीं बोलण्याआधींच मुलगी म्हणाली, नाहीं, पुन्हां. तिसर्‍या वेळीं रस्ता, कुंपण आणि दोन्ही अंगणांच्या कडा पूर्वीपेक्षांहि स्वच्छ उजळल्या आणि वर काळोख परत आला. अगदीं पूर्वीसारखा नव्हे. जमिनीवरून परतणार्‍या उजेडानें तळ्यावरचे खालचे तारे थोडे फिके दिसतात. त्रिशंकूचा सर्वांत खालचा तारा आम्हांला आतां चश्म्यांतूनहि प्रयासानेंच सांपडतो. तो चतकोर तारा आम्हीं त्या मुलाच्या अंगणाला देऊन टाकला.

नैर्ऋत्येला, रानाच्या शेंड्यांवर, आकाशाच्या कडेला एक पिवळट झांक रात्रभर असते. तिकडे चंद्रपूर शहर, कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आहे. नागपुरांत उत्तरपत्रिका तपासतांना आमच्या डोक्यावर जो पंखा फिरतो, त्याची वीज कोठून येते हें आम्हांला ठाऊक आहे. त्या झांकेला तेलाच्या डब्याची टोपी पुरावयाची नाहीं, आणि तिच्याबद्दल कोणाकडे अर्ज करावयाचा तेंहि अजून ठरलें नाहीं. कदाचित् तो आम्हांलाच आमच्याकडे करावा लागेल.

सुटीच्या शेवटच्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही अंगणांत बसलों होतों. समोरचा नातू दिव्याच्या उजेडाच्या अगदीं कडेपर्यंत आला आणि तेथेंच थांबला. पलीकडे काळोखांत पाऊल टाकावयास तो अजून धजत नाहीं, आणि टाक असें त्याला कोणी म्हणूंहि नये. दादाजींनीं आपली बाज उचलून त्याच रेघेवर आणून टाकली. तीवर उताणा पडून तो मुलगा वर पाहूं लागला. चोर कोणते, त्यानें विचारलें. दादाजींनीं काठीनें दाखविले. मग आम्हीं त्याला विचारलें, मधल्या चोराच्या शेजारीं एक बारीक तारा आहे, दिसतो का? त्यानें क्षणभर पाहिलें आणि म्हणाला, "दिसते ना."

आम्हीं 'ज्योतिर्विलास' उघडला आणि वडिलांच्या तारखांच्या खालीं, पेन्सिलीनें, त्या दिवसाची तारीख घातली.